लॅपटॉपला लागलेली धाप

"हा आज एवढा हळू का चाललाय?"

समीक्षाने लॅपटॉपकडे बघत नुसतं एवढंच विचारलं, आणि जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चहात बटर बुडवून खात बसलेल्या तिच्या सासऱ्यांना, तानाजीराव विश्यांना, असा ठसका लागला की सरोजबाई हातात झारा घेऊनच स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"अहो, सावकाश! बटर अडकलं का?"

तानाजीरावांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते सगळंच काही ठसक्याचं नव्हतं.

"काल सकाळी तर बरा होता," समीक्षा म्हणाली. "बाबा, कोणी हात लावलेला का याला?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं?" तानाजीराव म्हणाले. हे मात्र शंभर टक्के खरं होतं. घोळ झाला होता तो त्यामुळेच.

तानाजीरावांनी उभी हयात ठाण्यातल्या एका कापड गिरणीच्या बॉयलरवर काढली होती. दाबाचा काटा लाल पट्ट्यात शिरला की बाकीचे कामगार दाराकडे पळायचे आणि तानाजीराव बॉयलरकडे. पुढे गिरणी गेली, भोवतालच्या शेतांवर आणि कारखान्यांवर टॉवर उभे राहिले, आणि बाळकुमच्या अशाच एका टॉवरात मुलगा सर्वेश, सून समीक्षा आणि ही दोघं राहायला आली. इतक्या वर्षांत तानाजीराव कशाला घाबरल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. आज मात्र सुनेच्या एका साध्या वाक्यानं ते घाबरले.

झालं होतं असं की, खडवलीच्या पुढे विश्यांचा वडिलोपार्जित शेताचा एक तुकडा होता. तो त्यांचा चुलतभाऊ गोविंदा कसायचा. शेजारीच गोविंदाचं स्वतःचं शेत. मधे एक बांध. तानाजीरावांना बऱ्याच दिवसांपासून संशय होता की या बांधाला पाय फुटले आहेत आणि तो दर पावसाळ्यानंतर थोडा थोडा त्यांच्या बाजूला सरकतो. फोनवर विचारलं की गोविंदा म्हणायचा, "दादा, बांध जिथल्या तिथं हाय. तुमचीच नजर सरकली आसंल."

हा विषय त्यांनी समोरच्या फ्लॅटमधल्या वॉल्टर परेराकडे काढला. वॉल्टर गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालेला. मुलगी जोविटा दुबईला, तिच्याशी रोज कॉम्प्युटरवर बोलायचा, एवढ्या भांडवलावर तो मजल्यावरचा कॉम्प्युटरमधला जाणकार ठरला होता.

"अरे तानाजी, टेन्शन कसला घेतो?" वॉल्टर म्हणाला होता. "एक प्रोग्रॅम येतो. वरून, सॅटेलाइटवरून सगळा दिसतो. तुझ्या शेतातली म्हैस कुठल्या बाजूला तोंड करून बसलीय तेपण दिसेल. जमीन मोजूनपण देतो. फुकट!"

काल रविवारी समीक्षा आणि सर्वेश कळव्याला तिच्या आईकडे गेले होते. सरोजबाई भजनाला. लॅपटॉपचा पासवर्ड तानाजीरावांना ठाऊक होता. एकदा समीक्षा दवाखान्यात अडकलेली असताना तिनेच तो फोनवरून सांगितला होता. तानाजीरावांनी दाराला कडी लावली आणि तो प्रोग्रॅम शोधून लॅपटॉपवर चढवायला घेतला. प्रोग्रॅम इंग्रजीत एकामागून एक प्रश्न विचारू लागला. कोणाच्या घरी जेवायला गेल्यावर 'आणखी वाढू का' म्हणतात, तसलं काहीतरी असणार, अशी त्यांची समजूत. नाही म्हटलं तर राग यायचा. म्हणून ते प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत गेले.

शेवटी नकाशा आला. पण जेवायला एकाला बोलवावं आणि त्यानं सगळी आळी घेऊन यावं, तसं झालं. नकाशाबरोबर एक हिरवा झाडू आला, एक लाल छत्री आली, हवामान सांगणारा एक हसरा सूर्य आला. तानाजीरावांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, एका बोटानं खडवली गाठली, ओढा सापडला, शेतही सापडलं. आणि बांधाच्या नेमक्या डोक्यावर ढग. पांढराशुभ्र, गोविंदाला सामील असल्यासारखा. तेवढ्यात लिफ्टचा आवाज आला आणि तानाजीरावांनी लॅपटॉप खाडकन मिटला.

आणि आज हे असं.

नुसता सुनेचा राग असता तर तानाजीरावांनी सोसला असता. पण आज दुपारी समीक्षाची पुण्याच्या मॅडमशी मीटिंग होती. हॉस्पिटलांची बिलं तपासणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती घरून काम करायची. ही घरून कामाची सवलत कायम करायची की तिला पुण्याला बोलवायचं, हे आज ठरणार होतं. पुण्याला बोलावलं तर सर्वेशही तिकडेच नोकरी बघणार, हे त्या दोघांनी हळू आवाजात बोलून ठेवलं होतं आणि हळू आवाजातलं सगळं तानाजीरावांना ऐकू यायचं. म्हणजे मग या घरात कोण उरणार? ते, सरोज आणि टीव्ही.

"रिस्टार्ट करून ठेवते," समीक्षा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "काय अपडेट व्हायचं ते होऊ दे. मी आत जाऊन फोनवर जरा तयारी करते. आई, बाबा, याला हात नका हं लावू. दुपारी हा चालला नाही ना, तर मी गेलेच."

बेडरूमचं दार लागलं. तानाजीरावांनी लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावर एक गोल चकती फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती. त्यांनी पायातल्या सपाता काढल्या आणि अनवाणी, चोरपावलांनी ते समोरच्या फ्लॅटकडे निघाले.

वॉल्टरला सगळं जमत असे, फक्त हळू बोलणं जमत नसे. गोदीत जन्म गेलेला.

"काय बोलतो! स्लो झाला?" तो दारातूनच गरजला.

"श्शू! ती आत आहे!" तानाजीरावांनी त्याच्या तोंडावर हातच ठेवला. "वॉल्टर, नकाशा काढून टाक. काहीही कर, पण काल सकाळी होता तसा करून दे. पोरीची नोकरी आहे रे त्याच्यावर."

वॉल्टरने चष्मा चढवला आणि तो लॅपटॉपसमोर बसला. नकाशा निघाला. विशेष त्रास न देता निघाला बिचारा. पण त्याच्याबरोबर आलेली मंडळी काही उठायचं नाव घेईनात. झाडूला 'जा' म्हटलं तर त्यानं रडका चेहरा दाखवून इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" तानाजीरावांनी कुजबुजत विचारलं.

"बोलतो, आमच्याकडून काय चूक झाली?"

"त्याला सांग, चूक माझी झाली. पण जा म्हणावं आता!"

वॉल्टरने दोन-तीन ठिकाणी बटणं दाबली. झाडू गेला नाहीच, उलट कामाला लागला. पडद्यावर लाल अक्षरांत आकडे पळू लागले, रिक्षाच्या मीटरसारखे. ते धोके होते म्हणे. लॅपटॉपमध्ये शेकड्यांनी धोके होते आणि बघता बघता ते हजारांत गेले.

मोबाईलवर रोज येणारे सगळे निरोप तानाजीरावांना आठवले. एका क्लिकमध्ये आयुष्याची कमाई साफ, घरबसल्या अटक, ज्येष्ठ नागरिकांनो सावधान. त्यांना दिसू लागलं, खाली गेटपाशी पोलिसांची गाडी उभी आहे, वॉचमन बोट दाखवून सातवा मजला सांगतोय, आणि अख्खी सोसायटी गॅलरीत उभी राहून बघतेय. पोलीस आपल्याला खाली नेताहेत आणि मागोमाग समीक्षाची बॅगही खाली येतेय. पुण्याची.

"घाबरू नको," वॉल्टर म्हणाला. "चोर शिरलेत, तर वॉचमन ठेवायचा. जोविटाने मला एक सांगितलेला. व्हायरसला पकडतो."

तानाजीरावांनी देवाचं नाव घेऊन होकार दिला. वॉल्टरने वॉचमन बसवला. पण लॅपटॉपमध्ये कंपनीचा एक वॉचमन आधीपासूनच होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. एका घरात दोन सवती आल्यासारखं झालं. जुना नव्याला चोर समजू लागला, नवा जुन्याला. दोघेही एकमेकांच्या मानगुटीला धरून बसले आणि लॅपटॉप, जो आतापर्यंत निदान रांगत होता, तो जागच्या जागी बसला. त्याच्या आतला पंखा मात्र जोरात फिरू लागला. आधी गुरगुर, मग घोंघाव, मग शिट्टी.

तो आवाज ऐकून तानाजीरावांनी कान टवकारले. बाकी कशातलं नाही, पण यातलं त्यांना कळत होतं.

"वॉल्टर," ते खोल आवाजात म्हणाले, "दाब वाढलाय."

"गरम झालाय रे. इंजिन गरम झाला की बाइक स्लो होते की नाय? हवा पाहिजे त्याला, हवा."

त्या दोघांनी मिळून लॅपटॉप उचलला आणि सरोजबाई ज्या जाळीवर गरम पोळ्या निववत, त्या जाळीवर ठेवला. मग हॉलमधला स्टँडचा पंखा जवळ ओढून तीनवर लावला. लॅपटॉपला हवा लागली की नाही कोण जाणे, पण मीटिंगसाठी समीक्षाने टेबलावर लावून ठेवलेले कागद एकदम उठले आणि कबुतरांच्या थव्यासारखे हॉलभर उडाले. एक जाऊन देव्हाऱ्यात बसला. एक गॅलरीच्या ग्रिलला चिकटला, आणि तो धरायला तानाजीराव झेपावले तेव्हा त्यांच्या पायाचा धक्का लागून स्टूल पडलं.

आवाज ऐकून सरोजबाई बाहेर आल्या. गुडघ्यांवर रांगत कागद गोळा करणारा नवरा, पंखा मिठीत धरून उभा असलेला वॉल्टर आणि पोळ्यांच्या जाळीवर शिट्टी मारणारा लॅपटॉप, एवढं त्यांनी एका नजरेत पाहिलं. तानाजीरावांनी मान खाली घातली. आता हिच्याकडून ऐकून घ्यायचं, मग सुनेकडून.

पण सरोजबाई ओरडल्या नाहीत. त्या मटकन खुर्चीवर बसल्या आणि पदराचं टोक तोंडाशी धरून म्हणाल्या, "जायला लागलाय का तो?"

"अगं, मीच..."

"तुम्ही नाही हो. मी!" सरोजबाई म्हणाल्या. "शुक्रवारी समीक्षा खाली भाजी आणायला गेलेली ना, तेव्हा. भजनी मंडळातल्या शांताबाई सांगत होत्या, कॉम्प्युटरमध्ये आपला फोटो घातला की साडी नेसवून दाखवतात. दुकानात न जाता कुठला रंग उठून दिसतो ते कळतं. तो उघडाच होता. मी म्हटलं एक बघावी, पैठणी. मग त्या काही केल्या बंद होईनात. एकामागून एक नेसवायलाच लागले. मी घाबरून झाकण लावून टाकलं."

तानाजीराव बायकोकडे बघतच राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्याबद्दल इतका जिव्हाळा त्यांना क्वचितच वाटला होता. आपण एकटेच गुन्हेगार नाही, यासारखा दिलासा जगात नाही.

तो दिलासा फार टिकला नाही. लॅपटॉप एकाएकी बोलू लागला. मोठ्यानं, बाईच्या आवाजात, भोंगा वाजवत. "सावधान! आपका कंप्यूटर खतरे में है! सावधान!"

"बंद कर! वॉल्टर, बंद कर!"

"होत नाय! काहीच दबत नाय!"

सरोजबाईंनी दिवाणावरची गोधडी ओढली आणि लॅपटॉपवर टाकली. तानाजीरावांनी वरून उशी दाबली. वॉल्टरने उशीवर हात ठेवले. गोधडीखालून बाई गुदमरत ओरडतच होती.

"आई, कसला आवाज येतोय?" आतून समीक्षाने विचारलं.

"मिक्सर गं, मिक्सर!"

"मिक्सर बोलतोय?"

"टीव्ही! मिक्सर आणि टीव्ही!"

तिघांनी उशी आणखी जोरात दाबली. हळूहळू बाईचा आवाज थांबला. गोधडी मात्र गरम लागत होती, तान्ह्या मुलाला ताप यावा तशी.

आता एकच आधार होता, सर्वेश. तो डोंबिवलीच्या एका कारखान्यात कामाला होता. तानाजीरावांनी बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून त्याला फोन लावला.

"सर्वेश, समीक्षाचा लॅपटॉप बंद पडायला आलाय. आज तिची मीटिंग आहे. काय करू?"

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. सर्वेशने हळूच विचारलं, "बाबा, तिला कळलंय?"

"काय कळलंय?"

"म्हणजे मी सांगतो, पण तिला नका बोलू हां. शनिवारी ती झोपलेली तेव्हा मी त्याच्यावर मॅच बघितलेली. फुकट बघायला एक ॲप टाकलं. दुसऱ्या दिवशी काढणार होतो, यार, राहूनच गेलं. बाबा, प्लीज, तुम्ही काहीतरी सांभाळून घ्या ना."

तानाजीरावांनी नळ बंद केला आणि आरशात स्वतःकडे पाहिलं. लॅपटॉप एकट्या समीक्षाच्या कामाचा होता, आणि बाकीचं सगळं घर त्याच्या उरावर बसलं होतं. कोणाची म्हैस, कोणाची पैठणी, कोणाची मॅच. त्याला धाप लागली नसती तरच नवल.

मीटिंगची वेळ झाली. समीक्षा केस विंचरून, चांगला कुर्ता घालून बाहेर आली. तोपर्यंत कागद गोळा झाले होते, त्यांचा क्रम मात्र कोणालाच ठाऊक नव्हता. जाळी, गोधडी, पंखा सगळं जागच्या जागी गेलं होतं. वॉल्टरला परत पाठवायचं राहिलं होतं. तो गॅलरीत तुळशीकडे तोंड करून उभा होता, तिथे काहीतरी फार महत्त्वाचं काम असल्यासारखा.

"हा एवढा गरम कसा?" समीक्षाने लॅपटॉपवर तळवा ठेवला.

तानाजीराव आणि सरोजबाई स्वयंपाकघराकडे सरकले. तिने घाबऱ्या घाबऱ्या बटणं दाबली. चकती फिरली, थांबली, फिरली. शेवटी पडद्यावर पुण्याच्या रसिका मॅडम उमटल्या, तुकड्यातुकड्यांनी. आधी चष्मा, मग हनुवटी, मग आवाज. तानाजीराव आणि सरोजबाई स्वयंपाकघराच्या दारात एकमेकांना धरून उभे होते. तिथून त्यांना पडदाही दिसत होता आणि समीक्षाची पाठही. पाठ ताठ होती.

"समीक्षा, मागच्या महिन्यातल्या कामाचे आकडे दाखवतेस का?" रसिका मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. स्क्रीन शेअर करते."

तिने बटण दाबलं. काही झालं नाही. तिने पुन्हा दाबलं. मग लॅपटॉपने एक मोठा उसासा सोडला आणि आत अडकून पडलेलं सगळं एकदम बाहेर टाकलं. आधी हसरा सूर्य उगवला. मग लाल छत्री उघडली. आणि मग, सगळा पडदा भरून, सरोजबाई. जांभळ्या पैठणीत, एका सडपातळ तरुणीच्या अंगावर त्यांचा चेहरा, कमरेवर हात ठेवून, एक खांदा पुढे काढून. भोवती फुलं पडत होती.

"हे... कोण आहे?" रसिका मॅडमनी विचारलं.

समीक्षाच्या मानेवरून घामाचा थेंब ओघळलेला तानाजीरावांना दारातून दिसला. त्यांच्या मनात काय झालं कोण जाणे. काटा लाल पट्ट्यात गेल्यावर इतकी वर्षं जे झालं होतं, तेच बहुधा. ते सरळ चालत गेले आणि सुनेच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

"मॅडम, नमस्कार. मी हिचा सासरा. हिचा काडीचाही दोष नाही. लॅपटॉप मी बिघडवला. शेत बघायला गेलो आणि नको ते आत घेऊन बसलो. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. पोरीला घरूनच काम करू द्या."

"आणि त्या पैठणीतली मी," मागून सरोजबाई आल्या. त्यांनी पदर सारखा केला. "पण मी तशी उभी राहिलेली नाही हो. ते त्यांनीच केलंय."

"थोडा मीपण आहे," गॅलरीतून वॉल्टर गरजला. "वॉचमन मी ठेवला."

"आमच्या मुलानेही मॅच..." तानाजीरावांनी सुरू केलं आणि जीभ चावली.

समीक्षा आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होती. रागाला कुठून सुरुवात करावी हे तिला ठरवता येत नसावं. पडद्यावर रसिका मॅडम काही क्षण हलल्याच नाहीत. तानाजीरावांना वाटलं, लॅपटॉपच पुन्हा अडकलाय.

"काका," शेवटी मॅडम म्हणाल्या, "समीक्षाला सकाळचा मेल मिळाला नाही वाटतं. मिळणार तरी कसा, लॅपटॉपनं तो उघडलाच नसेल. अहो, आज आमच्या सगळ्यांचीच मशीन्स रखडलीयेत. शनिवारी रात्री आम्ही सगळ्यांच्या लॅपटॉपवर एक नवीन सॉफ्टवेअर टाकलं. घरी बसून कोण काम करतं आणि कोण करत नाही, ते बघायला. तर आज सकाळपासून कोणालाच काम करता येत नाहीये. मी स्वतः मोबाईलवरून बोलतेय तुमच्याशी. संध्याकाळपर्यंत काढून टाकतोय आम्ही ते."

तानाजीरावांच्या मनात आलं, कबुलीजबाब परत घेता येत असेल का? सरोजबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी बोलले नसते तरी चाललं असतं."

"बरं झालं बोललात," मॅडम म्हणाल्या. त्या हसू दाबत होत्या की काय, हे तुकड्यातुकड्यांच्या चित्रात नीट कळत नव्हतं. "समीक्षा, तुझ्या घरात आमच्या ऑफिसपेक्षा जास्त माणसं कॉम्प्युटरवर काम करतात. हे बघ, तुझं घरून काम मी मागच्या आठवड्यातच कायम केलंय. आकडे मी तेव्हाच पाहिलेत, आज ते नुसते नावाला मागितले. खरं तर हे सांगायलाच बोलावलं होतं. पण हा लॅपटॉप साफ करून घे. मी आयटीच्या ओवेनला जोडून देते."

ओवेन दिसला नाही, नुसता आवाज आला. तरुण, उत्साही. "हाय काका. कोणी काय टच नका करू हां, मी इथून बघतो."

आणि पडद्यावरचा बाण आपोआप चालू लागला. कोणाचा हात नाही, बोट नाही, आणि बाण चाललाय. सरोजबाईंनी तानाजीरावांचा दंड घट्ट धरला. वॉल्टरही आत येऊन उभा राहिला. बाण एकेकापाशी जायचा, ओवेन विचारायचा, "हे कोणाचं?" आणि झडतीत पंचांसमोर उभं राहावं तसे ते ओळखत जायचे. झाडू? माझा. साडी? माझी. वॉचमन? माझा. मॅच? तानाजीराव खोकले आणि म्हणाले, "माझीच." एकेक मंडळी उठून गेली.

मग बाण एका कोपऱ्यातल्या बारीकशा चित्रापाशी थांबला.

"हे काय आहे? हे माउस आपोआप हलवत ठेवतं. हे कोणी टाकलं?"

सरोजबाईंनी नकारार्थी मान हलवली. वॉल्टरने हात वर केले. तानाजीरावांनी सहज सुनेकडे पाहिलं आणि त्यांना दिसलं, समीक्षाच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब उरला नव्हता. तिचे डोळे पडद्यावरून हलत नव्हते. ही भीती तानाजीरावांच्या चांगली ओळखीची होती. सकाळपासून ते तिच्याच संगतीत होते.

"तेही माझंच," ते म्हणाले.

"तुमचं? पण काका, हे तुम्हाला कशाला लागतं?"

तानाजीरावांना त्या वस्तूबद्दल काडीचं ज्ञान नव्हतं. पण एव्हाना कबुलीजबाब देण्याचा त्यांना सराव झाला होता. "म्हातारपण आहे बाबा. बाण एका जागी थांबला की मला दिसत नाही. हलता असला की सापडतो."

"ओके काका," थोडा विचार करून ओवेन म्हणाला. "लॉजिक आहे." आणि त्याने ते पुसून टाकलं.

सगळं आटोपलं, पडदा शांत झाला, वॉल्टर आपल्या घरी गेला, सरोजबाई वरणाला फोडणी द्यायला आत गेल्या. तानाजीराव मात्र खुर्चीतच बसून होते. आता बोलणी. ती मुकाट्यानं खायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

समीक्षा समोर येऊन बसली.

"बाबा, ते शेवटचं माझं होतं."

"ते कळलं मला. पण होतं काय ते?"

"आमचा एक हिरवा ठिपका असतो. मी काम करतेय असं ऑफिसला दिसतं. हात थांबला की तो पिवळा होतो." ती खाली बघत बोलत होती. "काम मी सगळं करते हो, रात्री बसून भरून काढते. पण दुपारी जेवल्यावर डोळेच उघडे राहत नाहीत. थोडा वेळ पडते तेवढं. म्हणून ते टाकलेलं. आज वाटलं, हा माझ्यामुळेच बिघडला. सकाळपासून माझा जीव नुसता टांगणीला लागलेला. तुम्हाला विचारलं ना मी, कोणी हात लावला का, तेपण उगाच. मला माहीत होतं, मीच असणार." तिने टेबलावरचा माउस बाजूला सारला. "आता ते पण गेलं. उद्यापासून दुपारी डोळे ताणून बसायचं."

त्या माउसकडे बघत तानाजीरावांनी हनुवटी खाजवली.

"नुसता हलवत ठेवायचा असतो ना तो?" त्यांनी विचारलं. "बाकी काही दाबायचं नाही?"

"बाकी काही नाही. पण का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉल्टर कॅरमसाठी बोलवायला आला तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. बेडरूमचं दार बंद होतं. तानाजीराव टेबलाशी बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून. उजवा हात माउसवर होता, आणि तो ते सावकाश, एका लयीत, गोल गोल फिरवत होते. नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या हिरव्या ठिपक्यावर खिळलेली, पापणी न लवता.

"तानाजी, खाली येतो काय? बोर्ड लावलाय."

तानाजीरावांनी डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. "शिफ्ट सुटल्यावर."

वॉल्टर चवड्यांवर चालत जवळ आला. बाण फिरत होता. ठिपका हिरवा होता. तो थोडा वेळ बघत उभा राहिला, मग खुर्ची ओढून बसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुजबुजत म्हणाला, "मला पण दे ना जरा."

तानाजीरावांनी त्याच्याकडे न बघता विचार केला.

"बदली कामगार म्हणून घेतो तुला," ते म्हणाले. "पण आधी हात धुऊन ये."